दादाची बोट लढाईला गेली तेव्हा

माझा दादा इंग्रजांच्या एका मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. आम्ही परळला, चाळीतल्या एका खोलीत राहायचो. बाबा गिरणीत होते, पण त्या वर्षी संप चालू होता आणि गिरणीचा भोंगा बंद होता. घर दादाच्या पगारावर चाललं होतं.

एप्रिलमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्याचा फोन आला. आम्ही तिघंही धावत गेलो. आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं, "जेवतंस मा रे?"

"अगो आये, जेवण मियाच करतंय!" तो हसला. ते मलाही बाहेर ऐकू आलं.

मग त्याने बाबांना फोन द्यायला सांगितलं. इंग्लंडच्या सरकारने बोट लढाईसाठी ताब्यात घेतली होती. सैनिक आणि सामान घेऊन फॉकलंड नावाच्या बेटांवर जायचं, त्यांना उतरवायचं आणि परत फिरायचं. ज्यांना जायचं नव्हतं ते बंदरातच उतरले होते.

"झिला, तूपण उतर," बाबा म्हणाले.

"उतरलंय तर दुसरी बोट कधी गावतली? तुमचो संप मिटलो काय उतरतंय."

फोन कट झाल्यावरही बाबा रिसीव्हर कानाला लावून उभे होते. शेवटी वाण्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

मी नववीत होते. शाळेच्या नकाशात ती बेटं शोधली. दक्षिण अमेरिकेच्या पार खाली, शाईचे शिंतोडे उडावेत तशी. चाळीत कुणाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. खाली मैदानात रोज संपाच्या सभा व्हायच्या, आणि आमच्या खोलीत बाबा रेडिओला कान लावून इंग्लंड आणि अर्जेंटिनाच्या बातम्या ऐकायचे. इंग्रजी बातम्यांतलं त्यांना एवढंच कळायचं की आज बोट बुडाली की नाही.

जूनच्या सुरुवातीला तार आली. मीच वाचून दाखवली, कारण इंग्रजी मलाच येत होतं. बोटीवर बॉम्ब पडला होता, दादा बेपत्ता होता, मृत समजावा असं लिहिलं होतं. 'समजावा' या शब्दावर आई अडून बसली. "समजावा म्हणजे काय? कोणी बघितल्यानी?"

बाबा फोर्टातल्या कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. बोट जळून बुडाली, यापलीकडे तिथल्या साहेबालाही काही सांगता आलं नाही. गावाहून काका आले. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, ते उरकून घेऊ, असं त्यांनी सुचवलं. आईने त्यांना जेवू घातलं, पण पुतळ्याचं नाव काढू दिलं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. कुंकू लावताना ती रोज दादाच्या फोटोलाही बोट टेकवायची. फोटोला हार घालू देत नव्हती.

दिवाळीनंतर एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. रत्नागिरीकडचा मुसलमान खलाशी, दादाच्याच बोटीवरचा. दोन्ही पंजे भाजून सुकलेले, बोटं नीट मिटत नव्हती. चहाचा कप त्याने मनगटांच्या मध्ये धरला.

आधी तो सैनिकांबद्दल बोलला. "पोरंच होती हो काकी. मिसरूडसुद्धा न फुटलेली. समुद्र लागला की ओकून ओकून आडवी व्हायची. मग तुमचा पोरगा त्यांना पेज करून द्यायचा, मीठ घातलेली. गोरी पोरं रांग लावायची पेजेसाठी. उतरायच्या दिवशी एकाने त्याचा हात धरला तो सोडीचना. वरच्या साहेबाने ओरडून सोडवला."

"त्या बेटांवर आहे तरी काय?" बाबांनी विचारलं.

"मेंढरं, काका. मेंढरं आणि वारा."

आई त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने ते मांडीखाली घेतले. बॉम्ब स्वयंपाकघराच्या अंगाला पडला, तो म्हणाला. दरवाजा लोखंडी, आतून आग. तो आणि आणखी दोघं दरवाजा ओढत राहिले. आतून हाक आली, एकदाच. मग बोट कलली, आणि बाकीच्यांनी त्यांना ओढून पाण्यात ढकललं.

आई रडली नाही. तिने त्याचे हात बाहेर ओढले आणि आपल्या हातात घेतले. "माका सांग, तो जेवल्लो काय रे?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही काकी," तो म्हणाला. "सगळ्यांना वाढून झालं की तो बसायचा."

आई उठली. दुपार टळून गेली होती, तरी तिने चुलीवर भात टाकला, सकाळचं बांगड्याचं तिखलं गरम केलं आणि त्याला पाटावर बसवलं. त्याला घास नीट घेता येईना. ती समोर बसून कालवून देत राहिली, पान पुसून होईपर्यंत. तो गेल्यावर बाबांना म्हणाली, "काय ता करून टाका."

भोईवाड्याच्या स्मशानात बायका जात नसत. त्या दिवशी आई गेली, आणि मला घेऊन गेली. भटजींनी दर्भाचा पुतळा केला होता, डोक्याच्या जागी नारळ. सरळ उताणा, हात अंगाला चिकटवलेले. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. भटजींनी अग्नी द्यायला सांगितलं तेव्हा ते वाकले आणि पुतळा हलवायला लागले.

"अहो, काय करताय?"

"असो नाय निजायचो तो," बाबा म्हणाले. "कुशीर निजायचो." त्यांनी पुतळा अलगद कुशीवर वळवला, एक पाय गुडघ्यात दुमडला. दर्भ पुन्हा पुन्हा सरळ होत होता आणि ते पुन्हा पुन्हा दुमडत होते. शेवटी काकांनी त्यांचा हात धरला.

संप कधी मिटलाच नाही. कुणी मागेही घेतला नाही, तो नुसता विरून गेला. बाबा दादरच्या भाजी मंडईत हमाली करायला लागले. चार माणसांत हसायचे-बोलायचे, पण घरात रेडिओ लावू देत नसत. मी नोकरीला लागल्यावर टीव्ही घेतला, तो त्यांच्या पश्चात.

आई आता माझ्याकडे वडाळ्याला असते. कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीसमोर अगदी जवळ बसते. मध्यंतरी कुठल्याशा समुद्रात पेटलेली एक मालवाहू बोट दाखवत होते. बातमी देणारी मुलगी तेलाचा भाव वाढेल का, ते सांगत होती.

"आणि माणसां?" आईने विचारलं.

मी आवाज वाढवला. आम्ही दोघी थांबून ऐकत राहिलो. पुढची बातमी क्रिकेटची होती.