तीन दिवसांचा नीलम

तीन दिवस आमच्या घरी एक नीलम मुक्कामाला होता. त्याची जेवढी सरबराई झाली तेवढी जावयाची होत नाही, आणि तो परत गेल्यावर आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. त्यानं नेमकं काय केलं, भलं की वाईट, हे मला आज म्हातारपणीही सांगता येत नाही. खड्यांवर तुमचा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की मी ‘माहीत नाही’ म्हणते. लोकांना वाटतं, बाई शहाणपणानं टाळतेय. तसलं शहाणपण माझ्याकडे असतं तर आणखी काय हवं होतं.

मोठ्या दुष्काळाचा तो उन्हाळा. आम्ही नगरला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. आई मी शाळेत असतानाच गेली होती. अण्णांना कचेरीतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच होळीच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिनाभरात सुधारला. थोडा ओढत का होईना, ते चालू लागले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. बोटं तळव्यात मिटून बसली. शर्टाची बटणं, पायजम्याची नाडी, केस विंचरणं, जेवण, सगळं मी करायची. मी घास भरवताना ते डोळे मिटून घेत. मला ते बघवत नसे, आणि आमटी सदऱ्यावर सांडली की मी चिडायचीही.

अशात माझ्या नोकरीचा हुकूम आला. खर्ड्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून, शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. दोन वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते. खर्डा म्हणजे जामखेडच्याही पलीकडे, जिल्ह्याचं पार टोक. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नव्हेच. मला जायचं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा तोंडातून काढलं नव्हतं. अण्णांचा हात उघडला, निदान घास तोंडाशी नेण्यापुरता उघडला, तर खाणावळीचा डबा लावून ते एकटे राहू शकले असते. नाही उघडला तर हुकुमाचा कागद ट्रंकेत ठेवून मी आमटी सांडत बसणार होते.

अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, त्यांना बघायला म्हणून आलेली होती. तिचं सासर शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून. शेत, म्हशी, सुना सोडून ती आली होती आणि पंधरवड्यात तिला परतायचं होतं. तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीमागं शनी दिसायचा. वाताचे विकार शनीचे, अर्धांग हा वाताचाच प्रकार, आणि शनीचा खडा नीलम, तेव्हा अण्णांना नीलम घालायचा. डॉक्टरांनी शिरांबद्दल जे काही समजावलं होतं त्यापेक्षा मला हेच पटकन समजलं.

पण नीलम कुणी एकदम अंगावर चढवत नाही. बाकीचे खडे सावकाश गुण देतात, हा तीन दिवसांत निकाल लावतो, अशी समजूत. म्हणून आधी तो निळ्या फडक्यात बांधून तीन दिवस उजव्या दंडाला ठेवायचा. तेवढ्यात पडझड, भांडण, वाईट स्वप्न असं काही झालं तर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत परत करायचा. सगळं ठीक गेलं तर शनिवारी संध्याकाळी चांदीत मढवून मधल्या बोटात घालायचा. सराफही ओळखीच्या माणसाला असा खडा तीन दिवस नुसत्या शब्दावर देत. पारखायला नेला, असंच म्हणायचे.

अण्णांच्या ओळखीच्या सराफाकडे मी आणि आत्या गेलो. त्यानं पेल्यात दूध घेऊन त्यात खडा सोडला आणि दुधावर निळी झाक आली की नाही बघा म्हणाला. मला दिसली असं मी म्हटलं. आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिलाही दिसली. मग त्यानं मला खडा सांभाळायची रीत सांगितली, कारण सांभाळणारी मीच होते हे त्यानं ओळखलं असावं. साबण लावायचा नाही, गरम पाणी घालायचं नाही. रोज कच्च्या दुधात बुडवून चांगल्या पाण्यानं धुवायचा आणि मऊ कापडानं टिपायचा. फरशीवर पडू द्यायचा नाही, खडा कितीही कठीण असला तरी कड उडते. माणिक, मोती, पोवळं यांच्याबरोबर एका डबीत ठेवायचा नाही, त्यांचं शनीशी पटत नाही. खड्यात दोष नाही याची हमी त्यानं दिली. लाभेल की नाही हे मात्र त्याच्या हातात नव्हतं.

गुरुवारी सकाळी आत्यानं अण्णांच्या दंडाला निळं फडकं बांधलं. आजारी पडल्यापासून ते अंगावर कुणी काहीही बांधलं तरी बांधू देत.

तासाभरात माझ्या हातून भरलेली घागर फुटली. त्या दिवसांत घागरभर पाणी म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. आत्या कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकर आला, त्याची वेळ नसताना आला. आत्या उठून उभी राहिली. घागर फुटली हे वाईट, टँकर आला हे चांगलं; पण घागर फुटल्यामुळं पाणी भरायला भांडं कमी पडलं, हे पुन्हा वाईट. दुपारपर्यंत आमचा यावर निकाल झाला नाही.

खडा धुवायला वाटीभर दूध लागलं. आमच्याकडे तेव्हा चहाच कोरा होत होता. खडा धुतलेलं दूध पिंपळाच्या मुळाशी ओत, असं आत्यानं बजावलं. मी वाटी घेऊन पिंपळापर्यंत गेले, तिथं जरा उभी राहिले आणि तशीच परत आले. त्या दुधाचा चहा करून अण्णांना दिला. अण्णा म्हणाले, बऱ्याच दिवसांनी चहासारखा चहा झाला. मी मान खाली घालून भांडी विसळायला घेतली.

शुक्रवारी सकाळी केडगावचा म्हातारा पहिलवान नेहमीप्रमाणे अण्णांचा हात चोळायला आला. दोन महिने तो कसलंसं काळं तेल घेऊन येत होता. त्यानं मनगट धरून दाबलं, आणि अण्णांचा अंगठा आणि शेजारचं बोट हळूहळू तळव्यातून सुटलं. पुरतं उघडलं नाही, पण सुटलं. पहिलवानानं माझ्याकडे पाहिलं. “ताई, ह्यो तेलाचा गुन हाय बरं का. दोन म्हैनं रगडतोय मी, उगं न्हाई,” असं तो म्हणाला आणि पुन्हा बोटं चोळायला लागला.

आत्यानं शिंगणापूरच्या दिशेला हात जोडले. डॉक्टर आधीच म्हणाले होते, तिसऱ्या महिन्यात काही फरक पडला तर पडेल. आणि मला राहून राहून तो चहा आठवत होता. तेल, शनी, डॉक्टर की चहा, काहीच कळेना. चहा हेच खरं कारण असेल तर ते सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं, हेही कळेना. पण आनंद इतका झाला होता की मी त्याच दुपारी ट्रंक उघडली, दोन बऱ्या साड्या काढून दोरीवर उन्हाला टाकल्या आणि परकराच्या नाड्या बदलायला बसले. मधेच वर पाहिलं तर अण्णा खाटेवरून त्या साड्यांकडे बघत होते. मला लाज वाटली. साड्या काढाव्यात की राहू द्याव्यात हे ठरवता येईना, म्हणून त्या संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या.

शनिवारी त्यांनी शर्टाची दोन बटणं स्वतः लावली. त्याला बराच वेळ लागला, आणि मी मदतीला गेले तर त्यांनी डाव्या हातानं मला बाजूला केलं. आमटीभात चमच्यानं खाल्ला. निम्मा सांडला, पण खाल्ला. दोन्ही दिवस आत्या स्वप्नाचं विचारत होती आणि दोन्ही दिवस काही पडलं नाही असं उत्तर मिळालं होतं. म्हणजे खडा लाभला. संध्याकाळी तो मढवून आणायचा, त्यासाठी आत्यानं आपली पायातली चांदीची जुनी तोरडीही पिशवीतून काढून ठेवली.

चारच्या सुमारास अण्णा म्हणाले, “पहाटे मला वाईट स्वप्न पडलं. खडा परत देऊन या.”

आत्यानं काय पडलं ते विचारलं. वाईट स्वप्न सांगू नये, तूच शिकवलंस, असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. मग आत्या माझ्याकडे वळून म्हणाली की असं असेल तर पोरीनं जाऊ नये, नाकारलेला खडा जाताना हात पुन्हा मिटवून जाईल. एवढं बोलून ती तोरडी पिशवीत घालत बाहेरच्या खोलीत गेली.

मला संताप आला. दिवसभर हात बरा, सकाळी स्वप्न नाही, आणि ऐन वेळेला हे. मला घरात ठेवून घेण्यासाठी अण्णांनी शनीला मधे घातलं, असंच माझ्या मनात आलं. दंडावरचं फडकं मी ओढूनच सोडलं. मी म्हटलं, “मी जायला नको असेल तर तसं सांगा. खड्याच्या आड कशाला?”

“स्वप्न पडलं नाही,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “पण खडा ठेवला तर तू त्याच्या भरवशावर जाशील. तिकडे बसून रोज मनात, अण्णांनी खडा धुतला असेल का, काढून ठेवला असेल का. हात जरा आखडला की नोकरी टाकून येशील. हात उघडला म्हणून जाऊ नकोस. तुला जायचंय म्हणून जा.”

“आणि पुन्हा मिटला तर?”

“मिटला तर मिटला. हात माझा आहे.”

यावर मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं, किंवा निदान रडायला तरी हवं होतं. मी जास्तच चिडले. दोन महिने मी त्या हाताकडे बघत होते ते परवानगी मिळावी म्हणून, आणि आता परवानगी कुठूनच येणार नव्हती. हात ‘जा’ म्हणाला नाही, खडा ‘जा’ म्हणाला नाही, आत्या तर नकोच म्हणाली. जायचं तर माझं मला जायचं होतं, आणि उद्या काही झालं तर बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. अण्णांनी मला मोकळं केलं की अडकवलं, हे मला त्या वेळी समजलं नाही.

ऊन उतरायच्या आत मी सराफाकडे गेले. लाभला नाही का, त्यानं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं, मग ‘नाही’ म्हटलं, आणि मग म्हटलं की हात जरा बरा आहे. त्यानं खडा भिंगाखाली धरून कडा तपासल्या, मी नीट सांभाळला असं म्हणाला आणि कागदाच्या पुडीत गुंडाळून ठेवून दिला. शाबासकी मिळालेली ती एकच गोष्ट. परत येताना मी बाजारातून नवी घागर घेतली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी निघाले. आत्या त्याआधीच रुसून आपल्या गावी गेली होती. पहिलवान सकाळ-संध्याकाळ येऊन जाईन म्हणाला, खाणावळीचा डबा सुरू झाला. अण्णा स्टँडवर आले होते. एस.टी. सुटली तेव्हा त्यांनी डावा हात हलवला. उजवा त्यांनी पाठीमागं धरला होता, आणि तो मला दिसला नाही.

खर्ड्याला किल्ल्याच्या बाजूला मला एक खोली मिळाली. वर्गात बसायला पोतीसुद्धा नव्हती आणि निम्मी मुलं आयांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली असत. पण मला ते काम आवडलं. अण्णांची आठवण येई तेव्हा आवडणं आणखी बोचायचं.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. “हात आता उत्तम चालतो, सर्व कामे माझी मी करतो, काळजी करू नये,” असा मजकूर होता. खाली ‘तुझे अण्णा’. अक्षर त्यांचं नव्हतं. सबंध कार्डावर एकही ओळ, एकही मात्रा त्यांची नव्हती, सहीसुद्धा नाही.

मी रजेचा अर्ज लिहिला. मधल्या सुट्टीत तो हेडमास्तरांना द्यायला म्हणून उठले आणि दारातून परत फिरले. हात मिटला होता, की उघडा असूनही लिहिण्याइतका चालत नव्हता, की त्यांना नुसता कंटाळा आला होता, हे मला समजायला मार्ग नव्हता. खोटं सांगत असतील तर ते मी तिथंच राहावं म्हणून, आणि मी गेले तर त्यांचं खोटं मी वाया घालवणार होते. माझ्या मनाला त्या वेळी हे सोयीचं वाटलं, हेही खरं आहे.

अर्ज मी फाडला. कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, ‘ती. अण्णांना सा. न. आपला हात बरा झाल्याचे वाचून फार आनंद झाला.’ ते टपालाच्या पेटीत टाकलं, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.