फळ्यावरचं शून्य

"मोबाईल काढ, भिलटी. तुन्हाबिगर आठे कोन शे?"

शेठचा मोबाईल सापडत नव्हता, आणि त्याने माझी वेणी धरली होती. लग्नसराई. मी कामाला होते ते साड्यांचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. गादीवर बसलेल्या बायका, आणि त्यांच्यापुढे मी, मान वाकडी करून उभी. मी पावरा जमातीची. पण शेठला डोंगरातली सगळीच माणसं भिल. त्याने माझी पिशवी गादीवर उपडी केली. डबा, कंगवा, आईसाठी घेतलेल्या बांगड्या. एक बाई पदराचा काठ उलटा करून बघू लागली. बाकीच्याही साड्याच बघत राहिल्या.

मोबाईल शेठच्याच स्कूटरच्या डिकीत सापडला. तो हसला. म्हणाला, "चाल, कामले लाग."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता. मी पिशवी भरली आणि तोरणमाळच्या बाजूला आमचं गाव आहे, तिकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाला घेऊन पोलीस ठाण्यात आले.

बा म्हणजे माझा बाप. खाकी कपडा दिसला की त्याचे हात आपोआप जोडले जातात. मला त्याचा राग येतो. जंगलात लाकडं तोडली म्हणून, घरात मोहाची दारू सापडली म्हणून, कधी उगीचच, त्याला ठाण्यात आणून बसवलेलं. तक्रार द्यायला तो कधी आलाच नव्हता.

टेबलामागे हवालदार होता. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. मी आश्रमशाळेत शिकलेल्या मराठीत सगळं सांगितलं. केस ओढले. चोर म्हटलं. चारचौघांत जात काढली. ॲट्रॉसिटी लागते, साहेब.

"मोबाईल सापडी गया ना? मंग गुन्हा कसाना?"

"मोबाईलचा नाही. माझ्या तक्रारीचं बोलतेय."

त्याने मागच्या फळ्याकडे बोट केलं. चोरी, घरफोडी, दुखापत, एकेका गुन्ह्यापुढे खडूने आकडा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार, त्याच्यापुढे शून्य. गोल, ठसठशीत.

"यंदा एकबी नई. तू कशाले वाढावस? तुमनामा झगडा तोडतस ना? जा, गावमा तोडी ल्या."

आमच्यात भांडण पंचांपुढे मिटवतात. त्याला झगडा तोडणं म्हणतात. हवालदाराला त्यातलं एवढंच ठाऊक, की तिथे गुन्हा नोंदवत नाहीत. बा लगेच दाराकडे वळला. सुटलो, असं त्याच्या पाठीवर दिसत होतं.

मी तिथेच फरशीवर बसले.

"साहेब, झगड्याला दोन्ही बाजू मातीत बसतात. समोरासमोर. ज्याने केलं, त्याला अख्ख्या गावापुढे आपल्या तोंडाने सांगावं लागतं. शेठला आणा आमच्या गावात. मातीत बसवा. मी तोडते झगडा."

हवालदार पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, "शेठ कशाले येई तठे?"

"म्हणून मी इथे आले."

बा दारातच थांबला होता. तो परत आला, माझ्या शेजारी बसला. हात मांडीवर ठेवले, जोडले नाहीत. आमच्या पावरी बोलीत म्हणाला, परत सांग, मोठ्याने सांग. मी परत सांगितलं. दारातून जाणारी माणसं थांबून ऐकू लागली, तेव्हा हवालदाराने दार लोटून घेतलं.

संध्याकाळी त्याने कागद पुढे सरकवला. किरकोळ बाचाबाची. अदखलपात्र. सही कर. मी वाचलं आणि कागद परत केला. मग त्याने शाईचा डबा बाच्या पुढ्यात सरकवला. बाने अंगठा मुठीत मिटून घेतला.

दुकानातलं काम गेलं. सकाळी वेणी घालताना अजून मानेत कळ येते, आणि शेठचा हात आठवून किळस येते. भीतीही वाटते. बाला तर फारच. तरी उद्या आम्ही दोघं नंदुरबारला जातोय, पोलिसांच्या मोठ्या साहेबाकडे. तिथून हाकललं तर कोर्टात.

आमच्या भागात कोणावर अत्याचार होत नाही, असं तो फळा सांगतो. आमच्यासारख्या किती जणांना त्या दारातून परत पाठवलं, ते फळ्यावर कुठेच नाही. मी तशी परत फिरणार नाही. ते शून्य मी पुसायला लावणार.