कडुलिंबाची खळ

यंदा दिवाळीत सावेडीतल्या शेजारच्या मुलींना आकाशकंदिलासाठी खळ शिजवून दिली. त्या वासाने बहात्तरच्या दुष्काळातलं तिसगावचं घर आठवलं.

कामट्यांचा सांगाडा तयार होता. आईने रेशनचं मूठभर पीठ शिजवलं आणि त्यात कडुलिंबाचा पाला वाटून घातला.

"ह्यो कशाला गं?" मी विचारलं.

"उंदरं कंदील खात्यात."

मी पतंगी कागद घेऊन आले, तोवर धाकट्या शांतीने पातेलं चाटूनपुसून साफ केलं होतं.

"कडू न्हाई लागलं?" आईने विचारलं.

"लई कडू. पन गरम हुतं."

आईने तिला मारलं नाही. नुसता सांगाडाच दाराशी टांगला.

त्या वर्षी आमच्या घरात एकही उंदीर नव्हता. पाला कुणासाठी होता, ते मला फार उशिरा कळलं.