डाव्या चाकाखालचं लिंबू

खंडेनवमीला केशवापूरच्या रस्त्यावर ऑटोवाल्यांनी चाकाखाली ठेवलेली लिंबं चिरडून पडलेली असतात. पेट्रोलच्या धुरात मिसळलेला तो आंबट वास आला, की मी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो.

तिथं अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, रेसिंगची गाडी असायची. जुनी गाडी पार सोलून, आत लोखंडी पिंजरा बसवून त्यानं ती वर्षभरात घडवली होती. त्या नवमीला तो पुढच्या डाव्या चाकाचा कल बसवत होता. कल मनासारखा जमला. चाक धरून ठेवणारा आतला बोल्ट त्यानं नुसता बोटांनी फिरवला आणि पान्यासाठी हात लांब केला.

पाना मी केव्हाच हळदकुंकू लावून पाटावर मांडला होता.

“अण्णा, पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही.”

तो हसला. “बिडू,” तो कानडीत म्हणाला, “राहू दे. उद्या आवळतो.”

पूजा झाली. गाडी लिंबांवरून पुढे घेतली, तेव्हा डाव्या चाकाखालचं लिंबू न फुटताच बाजूला घरंगळलं. आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी ट्रेलरवर चढली. निघायच्या घाईत अण्णा तो बोल्ट विसरला. मीही विसरलो.

शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत डावं चाक निखळलं. अण्णा परत आला नाही.

“लिंबू फुटलं नाही तेव्हाच मी ओळखलं होतं,” आई दर नवमीला म्हणते. मी मान डोलावतो. आमच्या पाटावर आता पाना नसतो. का नसतो, ते तिनं कधीच विचारलेलं नाही.