साबणसरांची दोन कडी

माल तपासायला साबणाच्या पाण्याची बादली घेऊन येणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. अक्कलकोट रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, गोल जिने. लोक टेप घेऊन येतात, ठोकून बघतात, भाव पाडतात. त्यांना मी साबणसर म्हणायचो. ते तारेची चौकट बादलीत बुडवायचे, अलगद वर काढायचे आणि चष्मा कपाळावर सारून तिच्यावर ताणलेल्या साबणाच्या पडद्याकडे बघत राहायचे. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. पडदा वेडावाकडा आला की म्हणायचे, "मालक, चौकट खोटं बोलतेय."

ते घासाघीस करत नसत, याचा मला राग यायचा. मी वैराग गावाहून एक पिशवी घेऊन शहरात आलो आणि बोलण्यावर मोठा झालो. समोरच्यानं निम्म्यानं मागावं, मी उठून जाण्याचं सोंग करावं, यात धंद्याची गंमत. सर मी सांगेन तो आकडा मान्य करत, पण मापात अर्धं सूत सोडत नसत. एकदा मी चिडून म्हणालो, "सर, जरा कमी करा तरी म्हना की! आमाला बी बरं वाटंल."

"कमी करायचं काम हा करतो ना," पडद्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "दिलेल्या चौकटीत कमीत कमी क्षेत्रफळात भागवतो. तुमच्याहून चिवट आहे." मग जवळ बोलावून दाखवलं. पडदा कुठल्याही जागी एका दिशेनं जेवढा वर वाकतो, तेवढाच आडव्या दिशेनं खाली. खोगिरासारखा.

पहिल्याच कामात आमचं वाजलं होतं. त्यांनी सारख्या मापाची दोन सुटी कडी मागितली होती. मी दोन्हींच्या मध्ये एक उभी सळई जोडून दिली. आधाराशिवाय लोखंड उभं करायचं नाही, हे आमच्या हाताला बसलेलं. सरांनी कडी बुडवली, तर पडदा सळईला चिकटून एकीकडे ओढला गेला.

"आधार काढा."

"फुकट मजबुती दिली तर नावं ठेवता व्हय?"

"मजबुती नकोय, मालक. पडद्याला त्याचा त्याचा उभा राहू दे."

मी रागारागानं सळई तोडली. सरांनी कडी पुन्हा बुडवली, हळूच एकमेकांपासून दूर नेली. मध्ये बारीक कमरेचा डमरू उभा राहिला. नुसत्या पाण्याचा. ओठावर आलेली शिवी मी गिळली.

पुढे त्यांनी गोल जिन्यासारखी चौकट करून घेतली. त्या दिवशी म्हणाले, "तुमचा जिना आणि तो डमरू, दोन्ही एकाच वक्रातून निघतात. तो वक्र संमिश्र संख्यांच्या जगात राहतो. तिथं प्रत्येक संख्येला एक वास्तव भाग, एक काल्पनिक भाग. वक्राचा वास्तव भाग घेतला की डमरू, काल्पनिक घेतला की जिना."

"आन् तो आख्खा वक्र कुटं बघायला मिळतो?"

"डोळ्यांना नाही मिळत. आपल्याला एका वेळी त्याचं एकच अंग दिसतं."

पाच-सहा वर्षं हे चाललं. मग कॉलेजात त्या चौकटींचं प्रदर्शन भरलं. मी नवा शर्ट घातला, बायकोला सोबत नेलं. माझ्या दुकानाच्या पाटीवर देवाचं नाव आहे. माझं नाव लग्नपत्रिका सोडून कुठं छापलं गेलं नव्हतं. टेबलावरच्या कार्डावर लिहिलं होतं, 'चौकटी : एका स्थानिक कारागिराकडून.'

"ह्यो एक कोन, सर?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "हात भाजले ते कुनाचे?"

सरांचा चेहरा उतरला. "मालक, कार्ड लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मी तुमचं नाव कधी विचारलंच नाही."

"अहो, चला," बायको बाही ओढत म्हणाली. भाषणं सुरू व्हायच्या आत मी बाहेर पडलो.

महिन्याभरानं ते दुकानात आले. पुण्याला मुलीकडे कायमचे निघाले होते. मी खुर्चीतून उठलो नाही. त्यांनी ती दोन कडी बुडवली आणि दूर नेत नेत एका जागी थांबले. "व्यासाच्या दोन-तृतीयांशापर्यंत टिकतो. पुढे ताणलं की तुटतो, आणि प्रत्येक कड्यात आपापला सपाट पडदा उरतो." कडी माझ्या टेबलावर ठेवली. "पुस्तिका काढतोय. नाव सांगा."

मी गिऱ्हाइकाला पळवायला वापरतो तोच आवाज काढला. "मालकच लिवा." वाटलं, दोनदा-तीनदा विचारतील. मग सांगू. पण घासाघीस त्यांना येतच नव्हती. मान हलवून गेले.

परवा फोन वाजला. स्क्रीनवर 'साबणसर'. तीन वर्षांनी! मी मुद्दाम चार वेळा वाजू दिला. उचलला तर बाईचा आवाज.

"मी त्यांची मुलगी. बाबा गेले, काका. त्यांची पुस्तिका छापायला देतेय. त्यात 'चौकटी करणारे' असं लिहून पुढं जागा मोकळी सोडलीय. खाली लिहिलंय, मालकांना पुन्हा विचारणे."

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश. तिनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं.

"बरोबर आहे ना, काका?"

"बरोबर हाय." मग मी विचारलं, "ताई, सरांचं नाव काय हुतं?"