मेरिडी ट्रिफिट नको म्हणाली

मेरिडी ट्रिफिटला अध्यक्ष व्हायचं होतं. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे अख्ख्या होबार्टला ठाऊक होतं.

अध्यक्ष कशाची, तर आमच्या संघटनेची. आम्ही सगळे कचेऱ्यांतले मानसशास्त्रज्ञ. साहेब आणि हाताखालचे एकमेकांशी बोलेनासे झाले की आम्हाला बोलावतात. आम्ही मध्ये खुर्ची टाकून बसतो आणि दोघांनाही आळीपाळीने विचारतो, “तुला नेमकं काय वाटतं?” टास्मानियाची आमची शाखा मात्र एवढीशी, की आमच्यातच भांडण झालं तर ते मिटवायला मेलबर्नहून माणूस आणावा लागतो.

मेरिडी कित्येक वर्षं चिटणीस. हॉलची किल्ली तिच्याकडे, चहाची किटली तिची, माइक बंद पडला की टेबलाखाली शिरणारीही तीच. वार्षिक परिषदेत व्यासपीठावर मिरवायला मात्र दर खेपेला दुसराच कोणी. यंदा नोरीन क्विल्टी अध्यक्षपद सोडणार होती. लगेच मेरिडीच्या अंगावर नवा लाल कोट दिसला. “सेलमध्ये मिळाला गं,” असं ती विचारण्याआधीच सांगायची. सँडी बेच्या सिग्नलला माझी गाडी तिच्या शेजारी थांबली, तर बाई एकट्याच आरशात बघून भाषण करत होत्या! ओठांवरून “मित्रहो” एवढं कळलं आणि मेला सिग्नल हिरवा झाला.

पण आमच्याकडे पद हवं असलं तरी मागायची सोय नाही. आधी नको म्हणायचं. लोकांनी आग्रह करायचा. पुन्हा नको, पुन्हा आग्रह. तिसऱ्यांदा सुस्कारा सोडून म्हणायचं, “बरं बाबा, कोणीच नसेल तर...” ग्रँट केसिंगने एकदा भर सभेत सांगितलं, की मला खजिनदार व्हायचंय. झाला खजिनदार, पण तेव्हापासून त्याला सगळे ‘महाराज’ म्हणतात.

बोलिंग क्लबच्या माडीवर सभा भरली. नोरीन म्हणाली, “माझ्यानंतर मेरिडीने ही खुर्ची घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.”

मेरिडीने छातीवर हात ठेवला. “छे गं! मी कसली? आहेत ती कामंच उरकत नाहीत. नको, नको.”

अगदी रीतसर नकार. आता आग्रह व्हायचा. पण वर्षभर कार्यशाळा घेऊन घेऊन या मेरिडीनेच आमच्या डोक्यात काय भरवलं होतं? सहकारी नाही म्हणाला, की त्याच्या पहिल्याच ‘नाही’चा मान राखा. गळ घालू नका.

नोरीन गहिवरली. “किती स्वच्छ बोललीस, मेरिडी! आम्हाला तुझ्या नकाराचा आदर आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघंतिघं तर उभे राहिले.

“म्हणजे... अगदीच नको असं नाही...” मेरिडी चाचरली.

“अगं, कारणं नको देत बसूस,” मागून कोणी ओरडलं. “तूच शिकवलंस ना!”

नोरीनने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर क्लाइव्ह बर्बरीवर थांबली. क्लाइव्ह सभेला खाण्यापुरता येतो आणि उरलेला वेळ ट्राउट मासे गळाला लावण्यात घालवतो. आत्ता त्याच्या तोंडात अख्खं लॅमिंग्टन होतं. चॉकलेटात बुडवून सुक्या खोबऱ्यात लोळवलेला केक तो, पटकन गिळला जात नाही.

“क्लाइव्ह, तू होतोस अध्यक्ष?”

क्लाइव्हने घाबरून दोन्ही हात हलवले. त्यात खोबरं घशात गेलं. तो लालबुंद झाला, डोळे भरून आले.

“बघा, कसा भारावलाय!” नोरीन म्हणाली. “आणि नाही म्हणाला का तो? नाही ना? मग ठरलं तर.”

पाण्याचा ग्लास घेऊन धावली कोण, तर मेरिडीच. तिने त्याच्या पाठीत दोन दणके घातले आणि तिथूनच वळून ओरडली, “अगं, नाहीच म्हणायचंय त्याला! आणि मला हो म्हणायचंय! मला हवंय अध्यक्षपद. केव्हापासून हवंय. हा कोटही त्यासाठीच घेतला, आणि सेलमध्ये नाही, पूर्ण किमतीला!”

कोणी आंघोळीच्या टॉवेलवर बाहेर यावं, तसे सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. एवढं बोलून पद गेलं असतं, तर तिला चिटणीस म्हणूनही तोंड दाखवता आलं नसतं.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बये?” महाराजांनी विचारलं.

“तुझं काय केलं, ते पाहिलं ना!”

महाराज खो खो हसले आणि त्यांनी हात वर केला. क्लाइव्हने तर दोन्ही केले, खोकत खोकत. मग एकेक करत बरेच हात वर आले. दोघाचौघांचे आले नाहीत. कोणाचे, ते मला विचारा, सांगेन, पण इथे लिहीत नाही.

खाली तिचा नवरा रेक्स गाडीत वाट बघत होता. मी मागोमाग उतरलो होतो, कान काही बंद केले नव्हते.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काय होणार? कोणी तयारच होईना रे. शेवटी पडलं माझ्याच गळ्यात.”

“अरेरे! नको म्हणायचंस ना.”

“म्हटलं की,” मेरिडी म्हणाली आणि ऐटीत गाडीत बसली.