सुपेलाहून आलेला पाइप

दुर्ग स्टेशनवर मला सोडायला बाबांसोबत गजूकाकाही आले होते. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये दोघं एकाच मिलमध्ये घाम गाळलेले. पुढे काकांनी नोकरी सोडून जवळच्याच सुपेलात प्लास्टिक पाइपचा छोटा कारखाना टाकला. आई दवाखान्यात होती तेव्हा सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये काकूंचाच डबा यायचा. गाडी हलली तसे बाबा म्हणाले, "पुण्यात मान खाली घालू नको. आपण कोणाचं काही चोरलं नाही."

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये प्लास्टिक, रबर, रंग तपासतात. चिमूटभर माल हळूहळू तापवायचा आणि तो कुठे वितळतो त्याचा ग्राफ काढायचा. मग वितळलेला माल दोन तबकड्यांमध्ये धरून फिरवायचा, किती घट्ट वाहतो ते मोजायचं. भेसळ लपत नाही. इथे मी "मले" गिळून "मला" म्हणायला शिकले. भिलाईत ही "मले"वाली मराठी फक्त घरात बोलायचो, आता ती फक्त फोनवर उरली.

मागच्या वर्षी पाण्याच्या एका कामासाठीचे पाइप तपासायला आले. एका पाकिटावर सुपेलातल्या काकांच्या कारखान्याचा पत्ता! मी कौतुकानं घरी फोन केला. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे त्या आनंदात विसरले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "बेटा, गजूचा माल थोडा मिक्स आहे म्हणते. तो दुसरा तुकडा पाठवून राहिला. पहिल्याच्या जागी तो लावता येईल काय तुले?"

"बाबा, हे तुम्ही बोलून राहिले?"

बाबा लगेच म्हणाले, "जाऊ दे. राहू दे." फोन बंद.

आधी बाबांची लाज वाटली, मग बाबांची लाज वाटली याची. साहेबांना सांगितलं, हे ओळखीचे आहेत, मला नको. सॅम्पल सहकाऱ्याकडे गेलं. पण स्क्रीन समोरच होता. ग्राफवर जिथे एकच उंचवटा यायला हवा तिथे शेजारी दुसरा उभा होता, म्हणजे दुसऱ्याच प्लास्टिकचं भंगार. वितळलेला मालही पातळ निघाला. रिपोर्ट गेला, काकांचं काम गेलं.

नंतर कितीतरी महिने बाबा फोनवर "जेवली काय?" एवढंच विचारायचे.

चौदा एप्रिलला घरी गेले. विहाराबाहेर काका-काकू समोरच आले. "जय भीम, काका." काकांनी हात जोडले.

"जय भीम. तुझा बाप दोनदा नाही म्हणाला होता, बाई. मीच त्याले फोन कराले लावला. त्या गोष्टीची मले लाज वाटते."

काकू मात्र माझ्याकडे न बघता पदर सावरून पुढे निघून गेल्या.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात माझ्याजवळ येऊन बसले. "ते मशीन खोटं बोलतच नाही काय?"

"नाही बाबा. चालवणाऱ्याले बोलता येते."

त्यांनी मान हलवली. "मी तुले तेच कराले सांगत होतो," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं!

माझ्यासोबत भिलाईत वाढलेल्यांनो, तुमच्यातले काही तिथेच राहिलात, काही माझ्यासारखे निघून आलात. घर कुठलं विचारलं की मी अजून भिलाईच सांगते. तिथे बाबा आहेत, आता सगळं बोलतात. आणि तिथेच, दोन गल्ल्या सोडून, काकूंचं दार आहे. ते वाजवायची हिंमत मला अजून झालेली नाही.